मामंजी घरी आहेत

सासूबाईंचे मामंजी झाले, ही त्या केंद्रातली सगळ्यात जुनी थट्टा होती आणि प्रत्येक नव्या माणसाला ती एकदा ऐकावीच लागे. प्रवाळाच्या भिंतीवर राहणारा तो महाकाय गोबरा मासा पहिल्यांदा मोजला गेला तेव्हा मादी होता. म्हणजे, होती. कपारीच्या तोंडाशी बसून, खालचा ओठ पुढे काढून ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची, म्हणून तिला सासूबाई म्हणत. मग भिंतीवरचा मोठा नर कुणीतरी गळ टाकून उचलून नेला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सासूबाई हळूहळू नर झाल्या. गोबऱ्यांत हे असंच चालतं. जन्मतात त्या बहुतेक माद्या, आणि त्यांतली जी सगळ्यात थोराड, ती, नराची जागा रिकामी झाली की, नर होते. केंद्रातल्या लोकांनी फार डोकं न शिणवता नाव तेवढं बदललं. मामंजी. दोन भरल्या अंगाच्या माणसांइतकं वजन, करड्या कातडीवर शेवाळी डाग, आणि एकटा जीव. वर्षातून एकदा, अमावास्येच्या सुमाराला, आजूबाजूच्या पाण्यातून माद्या त्या भिंतीपाशी गोळा होत. त्या सगळ्यांची अंडी फळायची तर या एकट्या म्हाताऱ्याच्या जिवावर, कारण दुसरा मोठा नर आता तिथं उरलेला नव्हता.

मामंजी बोलायचेसुद्धा. गोबऱ्याच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यावर स्नायू आपटून तो आवाज काढतो. लांब कुठंतरी रिकामं पिंप मुठीनं ठोकावं तसा तो आवाज. कानाच्या आधी तो बरगड्यांना कळतो.

हे सगळं ऐकण्याचं काम ज्या मुलीकडे होतं तिला केंद्रात कानसेन म्हणत. विज्ञानाची पदवी घेऊन ती इथं लागली तेव्हा तिच्या दादानंच ते नाव पाडलं होतं. "गळा तर देवानं दिला नाही. तानसेन होत नाहीस, निदान कानसेन हो." दादा आणि वहिनी दोघंही केंद्राचे डायव्हर होते. ते पाण्यात जायचे आणि कानसेन कोरड्या खोलीत बसून त्यांनी आणलेलं ऐकायची. भिंतीवरच्या बऱ्याच माशांच्या पोटात बोटाच्या पेराएवढे टॅग शिवलेले होते. प्रत्येक टॅग माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजात आपला नंबर सांगत राही आणि तळाशी बसवलेले रिसीव्हर तो टिपून ठेवत. डायव्हरांच्या पट्ट्यालाही टॅग असे, म्हणजे मासे आपणहून गेले की माणसाला बिचकून पळाले हे नंतर वेगळं काढता येई. दादाचा नंबर एक्केचाळीस, वहिनीचा बेचाळीस. मामंजींना टॅग नव्हता. त्या धुडाला वर आणून टाके घालायची कुणाची छाती नव्हती.

दीड वर्षापूर्वी एका दुपारी दादा एकटाच पाण्यात उतरला. जोडीदाराशिवाय उतरायचं नाही हा नियम तोच नव्या पोरांना घोकायला लावायचा. त्याला मामंजींचं घर शोधायचं होतं. सासूबाईंची जुनी कपार सुटल्यापासून दिवसा हा मासा नक्की कुठं दडतो ते कुणालाच माहीत नव्हतं. बोट भिंतीच्या आतल्या अंगाला नांगरलेली सापडली, दादा नाही सापडला. त्याच्या टॅगचा आवाज येतो का म्हणून हातातला रिसीव्हर पाण्यात सोडून लोकांनी सगळी भिंत पालथी घातली. बाहेरच्या अंगालासुद्धा जाऊन आले. एक्केचाळीस कुठंच बोलला नाही. प्रवाहानं खोल समुद्रात नेला, असं ठरलं.

तोच एक्केचाळीस आता कानसेनच्या पडद्यावर होता.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पूर्वी रिसीव्हर नव्हता. या मोसमात पहिल्यांदा एक बसवला होता आणि आज त्यातली माहिती उतरवायला घेतली होती. पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी उमटत गेल्या. पोपटमाशांचे नंबर, लहान गोबऱ्यांचे नंबर, आणि मध्येच एक ओळ, जिच्या डावीकडे लिहिलं होतं एक्केचाळीस.

कानसेननं माहिती पुन्हा उतरवली. ओळ तिथंच.

"जाड्या," तिनं हाक मारली, "जरा इकडे ये."

जाड्या केंद्राचा दुसरा डायव्हर. नावापुरताच जाड, लहानपणी होता म्हणे. हातातला पाईप तसाच घेऊन तो आला, पडद्यावर वाकला.

"नंबर दुसऱ्या कुणाला दिलाय का आपण?"

"नाही."

"यंत्र बिघडलंय?"

"बाकीचे सगळे बरोबर आहेत."

"मग हा..." जाड्यानं ओळीवर बोट ठेवलं, न टेकवता. "हा येतोय-जातोय की गं."

तेच तर होतं. ओळ सलग नव्हती. रोज संध्याकाळी एक्केचाळीस बोलायला लागायचा, रात्रभर बोलायचा आणि पहाटे गप्प व्हायचा. दिवसभर एक ठिपका नाही. संध्याकाळ झाली की पुन्हा. घड्याळ लावल्यासारखं नाही, थोडं पुढं-मागं, जिवंत जिवाचं असतं तसं.

दोघांनाही तो दिनक्रम पाठ होता. मोठा गोबरा दिवसा कपारीत शिरून बसतो, तेव्हा खडकाआड त्याचा टॅग ऐकू येत नाही. तिन्हीसांजेला तो शिकारीला निघतो, तेव्हा ऐकू येतो. कानसेननं अशा कितीतरी ओळी वाचल्या होत्या.

"मामंजी," जाड्या पुटपुटला. गोबरा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट समोरचं ओढून घेतो, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

घरी सांगावंच लागलं. स्वयंपाकघरात वहिनी ओट्याला टेकून उभी होती, आई स्टुलावर. कानसेननं पाटीवर लिहिल्यासारखं सरळ सांगून टाकलं, कारण आडवळणानं सांगायला गेली असती तर तिला सांगताच आलं नसतं. आईनं ऐकलं, उठली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. दीड वर्ष त्या घरात कुणी दादाला 'गेला' म्हटलं नव्हतं आणि 'येईल'ही म्हटलं नव्हतं. सापडत नाही तोवर सरकारी कागदातही तो ना जिवंत होता ना मेलेला. वहिनी दर महिन्याला त्याचा सिलिंडर खाली काढायची, झडप उघडून बंद करायची, पुन्हा फळीवर ठेवायची. झडप अडकून बसते म्हणून, असं म्हणायची.

"म्हणजे त्याच्या पोटात आहे," वहिनी म्हणाली.

"टॅग आहे. टॅग म्हणजे दादा नव्हे."

"टॅग पट्ट्याला असतो, वन्सं. पट्टा माणसाला असतो." ती एरवी लाडात आली की कानसेनला वन्सं म्हणायची. आता लाड नव्हता. "फाडून बघायचं."

"वहिनी, तो एकच नर आहे. तोंडावर अमावास्या आलीय. माद्या यायला लागल्यात. आत्ता तो उचलला तर यंदाची अंडी गेली, आणि दुसरी मादी नर होईपर्यंत पुढचीही दोन-तीन वर्षं गेली. अंडी दिसली नाहीत तर त्यांच्यासाठी इथं लावलेली मासेमारीची बंदी उठेल. मग..."

"मला माद्यांचं सांगू नकोस." वहिनीनं आवाज चढवला नाही. "मी बायको आहे का विधवा आहे का कोण आहे, एवढं मला कळू दे. मग तुमचा खडक वाचवा."



केंद्राच्या प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बंदर अधिकाऱ्याशी बोलून मासा उचलायची परवानगीही मिळवली, पण सही करायच्या आधी कानसेनला समोर बसवलं. "ही ओळ तुझी. ती तू वाचलीस. टॅग माशाच्या पोटात आहे, असं तू म्हणतेस?"

कानसेनच्या मनात एक खडा टोचत होता. गिळलेला टॅग माशाच्या पोटात फार दिवस राहत नाही. काही आठवड्यांत बाहेर पडतो. पण मोठ्या माशांचं कुणी नीट तपासलेलं नव्हतं. आणि दारामागे बसलेली आई डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"हो," ती म्हणाली. "येतो-जातो, त्याअर्थी जिवंत काहीतरी त्याला घेऊन फिरतंय."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते बाहेरच्या अंगाला गेले. आज नुसतं बघायचं होतं: एक्केचाळीस कुठून निघतो, कुठं जातो, जाळं कुठं लावायचं. बोटीवर चौघं होते. वहिनी, जाड्या, कानसेन आणि बोट चालवणारा, ज्याला सगळे कप्तान म्हणत आणि जो हाताखाली एकही माणूस नसताना ते नाव मानानं मिरवी. त्यानं टपाखाली भाला आडवा बांधून आणला होता.

"हा कशाला?" जाड्यानं विचारलं.

"जाळं फाडलं त्यानं तर? तुझ्या बोलण्यानं मरणार आहे का तो?"

इंजिन बंद केल्यावर फक्त बोटीच्या बुडाखाली पाणी चुळबुळत होतं. कानसेननं दोन गोष्टी पाण्यात सोडल्या. एक हातातला रिसीव्हर. टॅग बोलला की तो टिक करतो आणि नंबर दाखवतो. दुसरा, लांब केबलवरचा माईक, तो तिनं बोटीपासून बराच दूर, भिंतीच्या टोकाकडे तरंगत सोडला होता, मामंजींचा आवाज पकडायला.

सूर्य पाण्याला टेकला. टिक.

पुन्हा टिक. पडद्यावर एक्केचाळीस.

"निघाला," कप्तान कुजबुजला.

वहिनी काठाला हात घट्ट धरून खाली बघत होती. पाणी काळं होत चाललं होतं. आणि मग कानसेनच्या कानातल्या माईकमध्ये तो आवाज आला. ढुम्म. पुन्हा. ढुम्म. चांगला भरघोस, जवळचा.

माईकला जवळचा.

तिनं डोळे मिटून घेतले. मामंजी भिंतीच्या टोकाशी होते, बोटीपासून हाकेच्या पलीकडे, आणि आणखी दूर चालले होते. दर आवाजागणिक ते कळत होतं. आणि बोटीखाली टिक. टिक. टिक. तितक्याच जोरानं, तिळभर न हलता.



"वहिनी," ती म्हणाली, "तो माशात नाहीये."

"काय?"

"टॅग हलतच नाहीये. कधीच हलला नाही. मासा येतो-जातो." शब्द तिच्या तोंडातून एकमेकांवर आदळत बाहेर पडत होते. "कपारीच्या तोंडात मामंजी बसतात. त्यांच्या पोटात हवेची एवढी मोठी पिशवी. आवाज हवेवर आपटून मागं फिरतो. ते घरी असले की आतलं काही बाहेर ऐकू येत नाही. बाहेर पडले की येतं. मासा नाही तो, दार आहे. आम्ही दाराच्या उघडझापीला माणूस समजलो."

जाड्यानं हळूच विचारलं, "मग तेव्हा का नाही ऐकू आलं? आपण इथं आलो होतो. इथंच आलो होतो."

"दिवसा आलो होतो."

एवढी माणसं, एवढ्या बोटी, आणि सगळ्यांनी सूर्यप्रकाशात शोध घेतला होता. दिवसभर दार बंद होतं. संध्याकाळी सगळे दमून घरी परतायचे आणि त्यांच्या पाठीमागे एक्केचाळीस बोलायला लागायचा.

वहिनीनं बसल्या जागेवरून सिलिंडर ओढला.

"आज नाही," कानसेन म्हणाली. "उद्या. तयारीनं."

"उद्या," वहिनी म्हणाली. तिनं सिलिंडर सोडला नाही, पण उचललाही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तयारी झालेली होती. वहिनीच्या पाठीवर एक सिलिंडर आणि कुशीला एक लहान, जादाचा. जाड्यानं कपारीच्या तोंडाबाहेर थांबायचं, दोरी धरून. कानसेननं दोघांना पुन्हा पुन्हा बजावलं: बिचकलेला गोबरा दूर पळत नाही, घरी पळतो. त्याच्यावर दिवा मारायचा नाही, काही आपटायचं नाही. आणि काही झालं तरी त्याला दुखवायचं नाही, कारण दुखावलेला गोबरा कपारीत कल्ले आणि काटे फुलवून स्वतःला पाचरीसारखा ठोकून घेतो. मग मेला तरी निघत नाही.

"लग्नाआधी सासूनंही एवढं बजावलं नव्हतं," वहिनी म्हणाली आणि मुखवटा तोंडावर ओढला. तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

मामंजी बाहेर पडले. माईकमध्ये त्यांचा आवाज टोकाकडे सरकत गेला. टिक, एक्केचाळीस. दोघं पाण्यात उतरले. टिक, बेचाळीस. थोड्या वेळानं बेचाळीसचा आवाज बारीक झाला आणि एक्केचाळीसच्या जागेहून यायला लागला. ती आत पोचली होती. दोन नंबर आळीपाळीनं उमटत होते; जेवणाच्या टेबलावर नवरा-बायको बोलत असावेत तसे. एक म्हणे, दुसरी म्हणे. कानसेनला ते ऐकत राहावंसं वाटलं आणि त्याच क्षणी आपल्याला असं वाटलं याची शिसारी आली.

मग खाली, खूप खोल, एक पांढुरका झोत पाण्यात आडवा फिरला. जाड्याच्या हातून दिवा निसटला होता. दोरीवर लटकून तो चहूकडे उजेड फेकत होता.

माईकमधला आवाज थांबला.

"इंजिन चालू करू?" कप्तान.

"अजिबात नाही."

काहीतरी मोठं बोटीखालून गेलं. ते दिसलं नाही, पण बोट एका बाजूला किंचित उचलली गेली आणि परत बसली, कुणी जिन्यावरून जाताना कठड्याला हात लावून जावं तशी.

टिक, एक्केचाळीस. टिक, बेचाळीस. टिक, एक्के...

आणि काहीच नाही. दोन्ही नंबर एकदम गेले.

जाड्या फसकन वर आला, तोंडातली नळी थुंकून. "मामंजी घरी आले! कपारीच्या तोंडात बसलाय! ती आत आहे, दोरी दाबली गेलीय! भाला दे, कप्तान!"

कप्ताननं दोरखंड तोडून भाला काढलासुद्धा होता.

"देऊ नका," कानसेन म्हणाली.

"अगं वेडी आहेस का तू? हवा किती आहे तिच्याकडे!"

"तो मेला तर तिथंच अडकेल. आठ जणांनी ओढला तरी निघणार नाही."

"आणि नाही मारला तर?"

"तर तो निघेल. त्याला शिकारीला जायचंय. माद्या आल्यात. घाबरलाय म्हणून आलाय, भीती गेली की जाईल. दिवा बंद कर. पाण्यातून बाहेर ये. कप्तान, तोही दिवा. सगळे."

"तुला खात्री आहे?"

तिला खात्री नव्हती. दोन दिवसांपूर्वी बाईंसमोर ती खात्रीनं 'हो' म्हणाली होती. तरी तिनं हात पुढं करून भाल्याची दांडी धरली, आणि कप्तान तिच्या दुप्पट असूनही त्यानं ती सोडली. म्हणाला फक्त, "पोरी, तुझ्या घरातली आहे ती." तिनं मान हलवली. जाड्या वर चढला आणि तोंड ओंजळीत धरून फळीवर बसला.

अंधार. रिसीव्हरचा पडदा तेवढा राखाडी उजळत होता आणि त्यावर काही नव्हतं. कानसेनला कळलं की दादाच्या वेळीही हे असंच झालं असणार. तो शिरला असेल, मागून मासा आला असेल. आत त्याच्या टॅगनं नंबर सांगितला असेल, पुन्हा सांगितला असेल, आणि दोन हातांवरच्या बाहेरच्या समुद्राला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. ती आता त्याच बाहेरच्या समुद्रात बसली होती. वहिनी दिवा मालवून गप्प पडली असेल तर. सुरा काढला नसेल तर. तर, तर, तर.

तिनं ऐकलं. एवढं तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. लांब कुठंतरी कोळंब्यांचा तडतडाट. पोपटमाशांचं दात घासणं थांबलेलं. मग आधी मांड्यांखालच्या फळीतून, मग बरगड्यांतून: ढुम्म.

आणि थोड्या वेळानं, जरा पलीकडून: ढुम्म.

टिक. बेचाळीस.

जाड्या रडायला लागला. त्या नंबरामागून एक्केचाळीस आला, आणि या वेळी पहिल्यांदाच, दीड वर्षात पहिल्यांदाच, एक्केचाळीसचा आवाज हलायला लागला. दोन्ही नंबर एकत्र वर येत होते.

वहिनीला ओढून बोटीत घेतलं तेव्हा पाठीवरचा सिलिंडर रिकामा होता आणि लहानाची नळी तोंडात होती. तिच्या मुठीत दादाचा पट्टा होता, टॅगसकट. शेवाळानं जाड झालेला. बाकीचं आत होतं. ते आणायला पुन्हा यावं लागणार होतं, सरकारी माणसांना घेऊन, संध्याकाळी.

कप्ताननं स्वतःचा कोट तिच्या अंगावर टाकला. मग ती बोलली, आणि बोलली ती कानसेनशीच.

"तुझ्या दादाच्या हातात सुरा होता. उघडा. म्हणजे... हाताचं जे उरलं होतं त्याच्याजवळ." ती थांबली. "मासा आला तेव्हा मीही काढला. एका फुटावर त्याची शेपटी. भोसकणार होते. मग तुझी बडबड आठवली. पाचर का काय ते."

"बरं केलंस."

"त्याची पाठ माझ्याकडे होती, वन्सं. तो बाहेर बघत होता. त्याला आत कुणी आहे हे ठाऊकच नव्हतं. मी हात लावला, तर नुसती कातडी शहारली. गुरानं माशी उडवावी तशी. त्याला नव्हतं माहीत. तेव्हाही नसेल."

वायरलेस खरखरला. प्रमुख बाई. वहिनी वर आली, हे त्यांना कळलं. मग म्हणाल्या, "आणि मासा? परवानगी अजून हातात आहे. मला काहीतरी लिहावं लागेल."

कानसेननं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पट्ट्यावरून अंगठा फिरवत मान हलवली, नाही म्हणून.

"लिहा, माझं वाचन चुकलं होतं," कानसेन म्हणाली. "त्याच्या पोटात काही नाही. त्याला राहू द्या."

वायरलेस बंद झाला. कप्ताननं इंजिनला हात घातला नाही. मासा पुन्हा बिचकायला नको म्हणून तो आणि जाड्या वल्ही मारू लागले. बोट संथ निघाली. खाली मामंजी बोलत होते, आणि आता टोकाकडून माद्यांपैकी कुणी दबक्या आवाजात हुंकार दिल्यासारखं वाटलं, किंवा तो खडकावरून परतलेला त्यांचाच आवाज असेल.

"एक सांगू?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "तो मासा आत बोलला. एकदाच, निघायच्या आधी. आत तो आवाज बाहेरून येत नाही. आपल्याच छातीतून येतो. आणि मला बरं वाटलं. दिवा नाही, वर-खाली कळत नाही, तुझा दादा शेजारी, आणि तो आवाज. इतकं बरं मला दीड वर्षात वाटलं नव्हतं. वाट मोकळी झाली तरी मी लगेच निघाले नाही."

"मग?"

"मग काही नाही. निघाले." तिनं मान किंचित कलती केली. फळीतून पुन्हा ती थरथर आली आणि वहिनीचे डोळे अर्धवट मिटले, ओळखीचं कुणी हाक मारतंय की काय हे नीट ऐकू यावं म्हणून माणूस मिटतो तसे.

कानसेननं तिचा दंड धरला. आणि बोलायला लागली. घरी भाजी चिरून ठेवलीय ती काळी पडली असेल, आई तोंडानं विचारणार नाही पण दारात उभी असेल, जाड्याला वल्हं धरता येत नाही, झाडू धरल्यासारखं धरतोय बघ, कप्तानच्या कोटाला कसला वास येतोय, धुतलाय तरी का कधी. जाड्या म्हणाला, "माझ्यावर का घसरलीस?" आणि ती त्याच्यावर आणखी घसरली. जे सुचेल ते, मोठ्यानं, न थांबता, बोटीच्या बुडाखालचा आवाज बुडून जाईल इतक्या मोठ्यानं बोलत राहिली. बंदराचा धक्का येईपर्यंत तिनं दंड सोडला नाही.